जिवंत माणूस असलेले चौकोन

चारच्या आत वडिलांच्या ऑपरेशनची तारीख घ्यायची होती. ती हुकली तर पुढची तीन महिन्यांनी, आणि तेवढा वेळ म्हाताऱ्याकडे नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. म्हणून थोरलीने सुट्टी काढली, दाराला कडी घातली आणि खाटेजवळ खुर्ची ओढून स्टुलावर लॅपटॉप उघडला.

हॉस्पिटलच्या साइटवरच्या अर्जाच्या शेवटी 'तुम्ही यंत्र नाही ना' ही नेहमीची परीक्षा आली. थोरलीला हसूच आलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. साइटवर यंत्रं घुसू नयेत म्हणून ही परीक्षा, आणि यंत्रं घुसवणाऱ्यांसाठी ती सोडवून देणं हाच तिचा अकरा वर्षांचा धंदा. आधी वाकडीतिकडी अक्षरं असत, मग जुन्या पुस्तकांतले पुसट शब्द, मग सिग्नल, जिने, सायकली. अलीकडे नुसती एक चौकट. खूण करताना हात किती अडखळतो, एवढंच ती चौकट बघे. थोरलीचा हात आताशा अडखळत नसे. मालकाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "खरं काय ते बघू नकोस. समोरच्या यंत्राला काय हवंय ते बघ."

तिने खूण केली. नाकारली. पुन्हा केली, पुन्हा नाकारली. मग नऊ चौकोनांचं चित्र आलं: जिवंत माणूस असलेले सगळे चौकोन निवडा.

चित्रात हीच खोली होती, दारातून काढल्यासारखी. खाटेवर वडील, खुर्चीत पाठमोरी ती. थोरलीने झटकन मागे पाहिलं. दार बंद होतं. तिने दोघांचे चौकोन निवडले.

चूक. नवं चित्र आलं. त्यात ती मान वळवून दाराकडे बघत होती.

"झालं का गं?" वडिलांनी डोळे मिटूनच विचारलं.

"होतंय, बाबा..."

चाराला दोन मिनिटं होती. वडिलांचा चौकोन सोडून बघावा, असं क्षणभर बोटांत आलं. पण ते तिच्याने होईना. त्याला काय हवंय ते तिला कळलं होतं. तिने स्वतःचा चौकोन सोडला.

हिरवी खूण उमटली. सोमवारची तारीख मिळाली.

"मिळाली, बाबा," ती म्हणाली. तिला रडू फुटलं.

वडिलांनी डोळे उघडले. खुर्चीकडे पाहिलं, मग खोलीभर.

"लॅपटॉप तसाच चालू टाकून कुठं गेलीस गं...?"

दाराची कडी अजून आतून लागलेलीच होती.