इनासचा प्रतिवादक

चर्चमधली रविवारची मिस्सा संपली की इनास तुस्कानो वसईतल्या गिरीज गावच्या हॉलमध्ये जायचा, पहिल्या रांगेत बसायचा आणि चहा पीत स्वतःचं ट्रम्पेट ऐकायचा.

स्टेजवर त्याचाच जॅझ बँड सराव करत असे. पास्कू लोपीस उभ्या बेसच्या जाड तारा छेडायचा, हेमांगी सावे सॅक्सोफोन वाजवायची, आणि ज्या खुर्चीवर इनास तीस वर्षं बसला होता तिथे कळशीएवढं एक काळं यंत्र ठेवलेलं असायचं. त्याला सगळे प्रतिवादक म्हणत. तीन वर्षांपूर्वी इनासच्या चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली. ओठ घट्ट मिटेनात, फुंकर कोपऱ्यातून निसटायला लागली. तेव्हा पुण्याच्या एका प्रयोगशाळेने त्याची सगळी ध्वनिमुद्रणं या यंत्राला ऐकवली होती. यंत्र ती मुद्रणं नुसती परत लावत नसे. बाकीचे काय वाजवतायत ते ऐकायचं, या जागी इनासने काय वाजवलं असतं ते ताडायचं आणि त्याच क्षणी वाजवायचं. त्याचा श्वास, किंचित उशिरा येणारा त्याचा स्वर, सगळं हुबेहूब.

इनास समाधानी होता. जॅझची एक रीत असते, असं तो सगळ्या शिष्यांना बजावत आला होता. आधी धून, मग एकेकाचं उत्स्फूर्त वादन, पुन्हा धून, आणि खाली चार मात्रांचा झुलता ताल. ती रीत आता त्याच्यामागेही टिकणार होती.

त्या रविवारी मात्र हेमांगी सॅक्सोफोन गळ्यात तसाच ठेवून खाली आली. बारा वर्षांची असल्यापासून ती त्याच्याकडे शिकली होती. आता चाळिशीला टेकली होती.

"सर, माझी सात मात्रांची रचना आजही अडली. प्रतिवादक ती ओढून चारात आणतो."

"मग बरोबर करतो. सातात जॅझ लंगडतो."

"तुम्ही खुर्चीवर असता तर मला शिव्या घातल्या असत्या. पण निदान ऐकलं असतं." ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. "प्रयोगशाळेशी बोलले मी. त्याची थांबवून ठेवलेली वाढ सुरू करता येते. मग तो आमच्याबरोबर वाजवता वाजवता शिकेल. तुमची सही लागेल."

"आणि नाही आवडलं तर?"

"मागे फिरता येत नाही. त्याच्या आतलं स्मृतिजाल साध्या फाइलसारखं नसतं. शिकताना त्याचे धागेच बदलतात, आणि त्याची नक्कल काढता येत नाही. तुमची जुनी मुद्रणं राहतील. पण तुमच्यासारखं नव्याने वाजवणारा कुणी राहणार नाही."

पास्कूने स्टेजवरूनच हाक मारली, "सही करू नकोस, इनास! एवढाच उरलायस तू."

इनासने मान हलवून नकार दिला. त्या दिवशी हेमांगी चहाला थांबली नाही.

मंगळवारी दुपारी हॉल रिकामा होता. इनासने प्रतिवादक चालू केला आणि स्वतः पियानोवर बसला. त्याने एक जुनी धून काढली. ट्रम्पेट आलं, देखणं आलं. आता हे वर चढेल, इनास मनात म्हणाला, ते चढलं. आता अर्धा श्वास थांबेल, ते थांबलं. त्याने मुद्दाम एक वेडावाकडा, खरखरीत स्वरमेळ मध्ये टाकला. ट्रम्पेट त्याच्या बाजूने अलगद वळसा घालून निघून गेलं, रस्त्यावरचा खड्डा चुकवावा तसं.

त्याला मिंगेल मास्तर आठवले. लग्नांत वाजवणाऱ्या त्यांच्या बँडमध्ये सव्विसाव्या वर्षी त्याने असाच एक वाकडा स्वर घेतला होता. मास्तरांनी भर मांडवात त्याचं ट्रम्पेट काढून घेतलं होतं. "ही आपली रीत नाही," ते म्हणाले होते. पुढे तोच स्वर लोकांना आवडला, आणि आज तो इनासची रीत म्हणून यंत्रात बसला होता.

त्याने तीच धून आणखी तीनदा वाजवली. चौथ्यांदा त्याचे हात पियानोवर तसेच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला इनास तुस्कानोचा कंटाळा आला होता.

संध्याकाळी तो हेमांगीच्या घरी जाऊन सही करून आला.

डिसेंबरच्या मैफलीपर्यंत प्रतिवादकाचं वाजवणं पार बिघडलं. स्वर अडखळायचे, श्वास भलत्याच जागी यायचा. मैफलीच्या दुपारी पहिल्याच रचनेला दोघं जण उठून गेले. मागून कुणीतरी म्हणालं, "मशीन खराब झालंय वाटतं." इनासचे कान लाल झाले. आपलं चांगलं वाजवणं आपण आपल्या हाताने मारलं, असं त्याला वाटलं.

मग हेमांगीने सातची रचना सुरू केली. ट्रम्पेट दोन आवर्तनं गप्प राहिलं. तिसऱ्यात त्याने एकच खालचा स्वर धरला, जवळजवळ घोगरा, आणि तो सातव्या मात्रेवरून पुढे सांडू दिला. हेमांगीने चमकून तिकडे पाहिलं आणि तिथूनच उत्तर दिलं. ट्रम्पेटने तिचं उत्तर उलटं फिरवून परत केलं. पास्कूने बेस थांबवला होता. आता त्याची बोटं त्याच्याही नकळत हलायला लागली. इनास खुर्चीच्या कडेवर आला. पुढे काय येणार, त्याला माहीत नव्हतं.

टाळ्या कमीच पडल्या, पण ज्यांनी वाजवल्या ते बराच वेळ वाजवत राहिले.

"तो खालचा स्वर तू शिकवलास त्याला?" इनासने विचारलं.

"मी? मला वाटलं, तुमच्या एखाद्या जुन्या टेपमधला असेल."

"मी असं कधीच वाजवलं नाही. आमच्यात कुणीच नाही."

हेमांगी पुढच्या मैफलीची पत्रिका हातात घेऊन उभी होती. सॅक्सोफोनपुढे तिचं नाव होतं, बेसपुढे पास्कूचं. ट्रम्पेटपुढची जागा तिने कोरी ठेवली होती.

"सर," तिने विचारलं, "इथे कुणाचं नाव छापायचं?"