दिव्यातलं तेल कुणी जाळलं?

"चित्रं नाहीत, गाणी नाहीत, गाड्या उडत नाहीत! याला खेळ म्हणतात?"

विमाकाका अंगणाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभे होते. गालात पेपरमिंटची गोळी, काखेत बॅग. समोरचा माणूस बोलायला लागला की 'हो हो, कळलं, कळलं' म्हणून त्याला तोडायची त्यांना सवय होती. इमारतीतल्या प्रत्येकाला त्यांनी एक तरी पॉलिसी चिकटवली होती, आणि ती चिकटवताना "वाचताय काय? करा सही!" हे वाक्य कमीत कमी दोनदा म्हटलं होतं.

"खेळच आहे," ठिणगी म्हणाली. "कॉम्प्युटर बोलतो. तुम्ही गुहेत आहात, समोर दार आहे, असं सांगतो. आपण टाइप करायचं, 'दार उघड'. की तो पुढचं सांगतो. पण त्यासाठी आधी ऐकावं—"

"हो हो, कळलं, कळलं! सुट्टी लागल्यापासून खोलीत बसून त्या डबड्याशी गप्पा मारताय आणि अजून गुहेबाहेर पडता आलं नाही. मी एका बैठकीत पडेन!"

"पैज?" भोंगा ओरडला. त्याचे बाबा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे आणि घराण्याचा आवाज त्याच्या गळ्यात पुरेपूर उतरला होता.

"पैज! रविवारी संध्याकाळी, सगळ्यांदेखत. जिंकलो तर तो कॉम्प्युटर माळ्यावर आणि खोलीतला तो कोपरा माझ्या ऑफिसला. गिऱ्हाइकांना बसायला जागा नाही हो माझ्या!"

ठिणगीचा चेहरा खर्रकन उतरला. तिला दिसत नव्हतं, जन्मापासूनच. ती गुहा तिच्या मामाने खास तिच्यासाठी मराठीत रचली होती आणि मगच तो दूरच्या बोटीवर नोकरीला गेला होता. गुहेच्या शेवटी तिच्यासाठी काहीतरी ठेवलंय, एवढंच त्याने सांगितलं होतं. काय, ते काही केल्या फोनवर सांगत नव्हता. आणि घरी तर पाय ठेवायला जागा नाही, वर रांगणारा भाऊ दिसेल ती वायर तोंडात घालणारा! म्हणून कॉम्प्युटर इमारतीच्या सामाईक खोलीत.

"आणि हरलात तर?" तिने विचारलं.

"हरलो तर मीच तुमचा कॉम्प्युटर! एक अख्खी संध्याकाळ या अंगणात उभा राहीन. म्हणाल तिकडे जाईन, म्हणाल ते करीन. जास्तीचा एक शब्द बोलणार नाही."

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून मास्तरीणबाई खाली वाकल्या. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण छडी नसलेला हातही अजून छडीसारखाच उठायचा. "मी साक्षीला आहे! आणि तोवर विमेवाल्यांनी मशीनला बोट लावायचं नाही. हे कबूल अ—"

"कबूल, कबूल!" पूर्ण ऐकायच्या आधीच काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं खोलीत जमली. ठिणगी, भोंगा आणि ठिणगीचा चुलतभाऊ शंकासूर. सूर्य उगवला तरी 'नक्की पूर्वेलाच ना?' असं विचारणारा प्राणी.

ठिणगीने मशीन सुरू केलं. चिडीचूप!

"बिघडलं!" शंकासूर म्हणाला. "मला शंका होतीच."

ठिणगीने स्पीकरच्या पेटीचं बटण चाचपलं आणि फिरवलं. लगेच तो आवाज आला. नाकात बोळे घातलेल्या हवालदारासारखा. या आवाजामुळेच पोरांनी मशीनचं नाव 'ठोकळा' ठेवलं होतं.

"तुम्ही तिठ्यावर आहात. समोर तीन भुयारं आहेत. तिन्ही एकसारखी दिसतात. दिवा फरफरतोय. दिव्यात तेल थोडं—"

भोंग्याने कळ दाबली. ठोकळा गप्प.

"अरे, कितीदा सांगायचं!" ठिणगी कडाडली. "कळ दाबली की तो बोलायचा थांबतो! वाक्य तरी पुरं होऊ दे!"

"तेच तेच तर सांगतो!"

"तेच नाही! 'तेल थोडं' म्हणाला. काल आपण जतन केलं तेव्हा दिवा भरलेला होता!"

मामाच्या गुहेत एकच खेळ जतन करता यायचा. नवा जतन केला की जुना पुसला जायचा. आणि त्यांचं तेल कुणीतरी जाळलं होतं!

"तूच चुकून जाळलं असशील," शंकासूर भोंग्याला म्हणाला.

"मी? काल मी पहिल्यांदाच शहाण्यासारखा वागलो होतो!"

"मग खेळ पहिल्यापासून सुरू करू."

"इथवर यायला किती दिवस लागले, आठवतंय ना?" ठिणगीने कपाळावर हात मारला. "तो पूल! तो बहिरा पहारेकरी! त्याला तू सात वेळा नमस्कार घातलास!"

त्यानंतर रोज तेच. रोज सकाळी पेटीचा आवाज बंद. रोज तेल आणखी कमी. एकदा तर त्यांची दोरी नदीत टाकलेली! भोंगा रागाने खुर्चीला लाथ मारून बसला आणि मग पाय धरून बसला.

"आवाज बंद कोण करेल?" ठिणगी पुटपुटली. "ज्याला कुणाला कळू द्यायचं नाही तो. आणि ज्याला पडद्यावर वाचता येतं तो." मग तिने कीबोर्डवरून बोटं फिरवली आणि ती थांबली. "एंटरची कळ चिकट आहे." तिने बोट नाकाशी नेलं. "पेपरमिंट!"

"विमाकाका!" भोंगा इतक्या मोठ्याने ओरडला की खिडकीतलं कबुतर उडालं.

"पण जतन कशाला करतील?" शंकासुराने शंका काढली. "चोर कधी पावती देतो का?"

"खेळ बंद करताना ठोकळा विचारतो ना, 'जतन करू का?' काका पुढचं वाचत असतील? हो हो, कळलं, कळलं! दाबलं एंटर, की झालं जतन!"

तिघं तडक मास्तरीणबाईंकडे जाणार होती, पण ठिणगी जिन्यातच थांबली. "काका सरळ नाही म्हणतील. पेपरमिंट तर अर्धी इमारत खाते. त्यांना पकडायचं तर त्यांच्याच तोंडून. म्हणजे ठोकळ्याच्या." मग ती भोंग्याकडे वळली आणि गालात हसली. "तुझे बाबा रविवारी दुपारी किती गाढ झोपतात रे?"

रविवारी जेवणं झाली आणि इमारत पेंगायला लागली. संध्याकाळच्या पैजेआधी काका एकदा तरी येणारच होते. भोंग्याच्या बाबांच्या घोरण्याच्या तालावर एक कर्णा, एक यंत्र आणि वायरीचं भलंमोठं भेंडोळं घराबाहेर पडलं. कर्णा बसला पुढच्या फाटकावर, अंगणाकडे तोंड करून. वायर मागच्या भिंतीला धरून खोलीत गेली. भोंग्याने ठोकळ्याचा आवाज पेटीतून काढून कर्ण्याला जोडला. पेटीवरचा लाल दिवा मात्र तसाच चालू ठेवला, म्हणजे काका नेहमीसारखं बटण बंद करून निर्धास्त होतील.

"पण काकांना ऐकू जाईलच ना!" शंकासूर नखं खात होता.

"खोली मागच्या बाजूला. खिडकी बंद. तो पंखा विमानासारखा घरघरतो," ठिणगी म्हणाली. "आणि मुख्य म्हणजे, काका आहेत ते! त्यांनी आजवर काही ऐकलंय?"

तिघं अंगणात वाळत घातलेल्या चादरींमागे दबा धरून बसली. थोड्या वेळाने खोलीच्या बाजूला कडी वाजली. मग बराच वेळ काहीच नाही.

"मला वाटतं वायर—" शंकासुराने सुरुवात केली, तेवढ्यात फाटकावरून हवालदार गरजला.

"तुम्ही तिठ्यावर आहात!"

धडाधड खिडक्या उघडल्या.

"तुम्ही भिंतीवर आपटलात! ... तुम्ही पुन्हा भिंतीवर आपटलात! ... 'उघड ना रे डबड्या' म्हणजे काय, ते मला समजलं नाही!"

गॅलऱ्यांमधून डोकी बाहेर आली. कुणाच्या हातात उशी, कुणाच्या चेहऱ्यावर साबण.

"'भंगारात घालीन' म्हणजे काय, ते मला समजलं नाही! ... तुम्ही भिंतीवर आपटलात!"

"कोण आपटतंय एवढं?" विमाकाकू गॅलरीतून ओरडल्या. "आणि आमचे हे कुठे गेले? पॉलिसी द्यायला जातो म्हणाले होते!"

चादर बाजूला सारून ठिणगी बाहेर आली. "काकू, चला. दाखवते."

पुढे ठिणगी, मागे काकू, त्यांच्यामागे मास्तरीणबाई आणि निम्मी इमारत, अशी वरात खोलीच्या दाराशी पोचली. पंखा घरघरत होता. विमाकाका पाठमोरे, पडद्यात नाक खुपसून बसलेले. फाटकावरून आवाज घुमला, "खेळ बंद. जतन करू का?"

"काय कटकट आहे!" काका स्वतःशीच चरफडले. "भर दुपारी जाहिरातीच्या गाड्या फिरवतात! लोकांना झोपू देत नाहीत!" आणि त्यांनी झोकात एंटर दाबलं.

"जतन केलं!" कर्णा गरजला. "दिव्यातलं तेल संपलं आहे!"

"अहो!" काकूंनी हाक मारली.

काका खुर्चीसकट वळले. गोळी घशात अडकली. बराच वेळ नुसतं खोकणं चाललं.

"सराव... सराव करत होतो," शेवटी ते म्हणाले. "सरावाला काय हरकत आहे?"

"बोटसुद्धा लावायचं नाही असं ठरलं होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही वाक्य संपायच्या आत कबूल म्हणालात, त्याला मी काय करू?"

"पण पैज मी अजून हरलो नाही! आता बाहेरची वाट जवळच असणार. हवं तर आत्ता खेळून दाखवतो, जतन केलंय तिथून!"

मास्तरीणबाईंनी भिवई उचलली. "खेळा. आवाज फाटकावरच राहू दे. सगळ्यांना कळेल."

काका बसले. बाह्या सरसावल्या.

"तुम्ही तिठ्यावर आहात. दिवा विझला आहे. काहीच दिसत नाही. आता फरफर—"

काकांनी कळ दाबली. "हो हो! 'दिवा लाव'!"

"तेल नाही."

"दिवा लाव!"

"तेल नाही."

"कुणी जाळलं सगळं?" काका किंचाळले.

"तुम्हीच!" दारातून पाचसहा आवाज एकदम आले.

काका चिडले. चिडून त्यांनी टाइप केलं, 'धाव'.

"तुम्ही खड्ड्यात पडलात. खेळ संपला."

अंगणात शिट्ट्या वाजल्या. पण ठिणगीने हात वर केला. "थांबा. मला खेळायचंय. तिथूनच."

"वेडी आहेस?" भोंगा कुजबुजला. "दिवा नाहीये!"

"दिवा तुम्हाला लागतो!" ती वैतागून म्हणाली. "सगळे आपले दिवा, दिवा, दिवा! मला कशाला हवाय दिवा? हो बाजूला."

तिने पंखा बंद करायला लावला, तोच खेळ पुन्हा काढला आणि हात मांडीवर ठेवले. कुठलीही कळ दाबली नाही.

"तुम्ही तिठ्यावर आहात. दिवा विझला आहे. काहीच दिसत नाही. आता फरफर थांबली आहे. सगळं शांत आहे."

"मामा, लबाडा!" ठिणगी पुटपुटली. "म्हणजे दिवाच आड येत होता!" तिने दोन अक्षरं टाइप केली. 'ऐक'.

दारातले सगळे कान टवकारून पुढे झुकले.

"डावीकडे पाणी ठिबकतंय. उजवीकडे वटवाघळं फडफडतायत. समोरून वारा येतोय."

"वारा! म्हणजे बाहेरची वाट!" शंकासूर ओरडला. आयुष्यात प्रथमच शंका न काढता!

'समोर जा.'

"तुम्ही गुहेबाहेर आलात. उन्हात एक पेटी आहे. पेटीत मामाचा निरोप आहे. ठिणगे, पोचलीस ना! पुढची गुहा आता तू रचायची. कशी, ते मी सुट्टीवर आलो की शिकवतो. आणि ती एवढी अवघड कर, की मी अडकलो पाहिजे."

ठिणगीने तो निरोप पुन्हा एकदा ऐकला. सगळा, शेवटपर्यंत. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "अडकवतेच बघ!"

"शाबास!" मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकायला मुलांना एरवी अख्खं वर्ष लागायचं. "तिघांनाही. कॉम्प्युटर जागचा हलणार नाही. आणि विमेवाले, आता तुम्ही अंगणात चला!"

ऊन उतरलं तेव्हा काका अंगणाच्या मधोमध उभे होते. बॅग नव्हती, गोळी नव्हती. भोवती सगळी इमारत खुर्च्या टाकून बसली होती.

"उत्तरेला जा!" भोंग्याने आज्ञा केली.

काका चार पावलं गेले. "उत्तरेला पाण्याची टाकी आहे," ते पडेल आवाजात म्हणाले. "पुढे जाता येत नाही."

"बादली घे!"

"बादली घेतली."

"टाकी उचल!"

"ते... ते मला समजलं नाही."

हसून हसून शंकासूर खुर्चीवरून खाली पडला. मग कुणी काकांना झाडांना पाणी घालायला लावलं, कुणी पहारेकऱ्यासारखं नमस्कार घेत उभं केलं. पॉलिसी घेतलेल्या आजोबांनी तर त्यांना पॉलिसीमागची बारीक अक्षरं पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लावली!

शेवटी विमाकाकू पदर खोचून पुढे आल्या. "मी सांगितलं तर चालेल का गं, ठिणगे?"

"चालेल की! पण 'अहो-जाहो' केलेलं या मशीनला समजत नाही."

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. गालातल्या गालात हसल्या. मग काकांसमोर खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या आणि लग्न झाल्यापासून मनात साठवलेली आज्ञा खणखणीत आवाजात सोडली.

"ऐक!"

काकांनी तोंड उघडलं. 'हो हो, कळलं' अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी मास्तरीणबाईंकडे पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"तर झालं असं..." काकूंनी सुरुवात केली.

अंगणातले दिवे लागले तरी त्या बोलतच होत्या, आणि काका बादली हातात धरून ऐकत होते.