प्रतिनगरातले रिकामे मैदान

बेलसांगवी महापालिकेच्या सभागृहात सुनावणी असली की एके काळी दीडशे खुर्च्या मांडाव्या लागत. आता शिपाई चारच मांडतो, आणि संध्याकाळी त्यांतल्या दोन न झटकताच उचलून ठेवतो. शहराने हरकती घेणे सोडले होते असे नाही. त्यासाठी स्वतः यायचे तेवढे सोडले होते. ते काम प्रतिनगर करी.

प्रतिनगर म्हणजे बेलसांगवीचे संगणकातले जुळे शहर. इथल्या प्रत्येक माणसामागे तिथे एक प्रतिनागरिक होता. माणूस कुठे जातो, किती वेळ थांबतो, काय विकत घेतो, हे त्याच्या फोनवरून वर्षानुवर्षे टिपून तो घडवलेला. एखादा प्रकल्प आला की आधी तो प्रतिनगरात बांधायचा, पुढची दहा वर्षे तासाभरात चालवून पाहायची आणि कोणाचे काय बिघडले ते मोजायचे. खरी माणसे सुनावणीत आरडाओरडा करतात, कोणाच्या तरी सांगण्यावरून सह्या ठोकतात. प्रतिनागरिकाला हे धंदे जमत नाहीत. त्यामुळे सगळा कारभार कसा शांत झाला होता.

नगररचनाकार उल्का नेर्लेकर हिच्यापुढे त्या मंगळवारी एकच प्रकरण होते. जुन्या सरकी मिलच्या मैदानावर सहा मजली संकुल, खाली दुकाने आणि वर कचेऱ्या. प्रतिनगराचा निष्कर्ष: हरकती शून्य, मैदानाचा सध्याचा वापर जवळजवळ शून्य. हा दुसरा आकडा खोटा आहे हे उल्काला पक्के माहीत होते. आपल्याला ते कसे माहीत, हे मात्र तिला कोणालाही सांगायचे नव्हते.

साडेअकराच्या सुमारास दार ढकलून जुबेदा मुजावर आत आली. पन्नाशीची बाई, पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचा जुना शर्ट, पायात बूट. सरकी मिलच्या मैदानावर ती अकरा वर्षे बायकांना स्कूटर शिकवत होती, दुपारी दोन ते चार.

"मॅडम, मैदानावर कोन येत न्हाई, असं भायेर लावलंय," ती म्हणाली. "मग मी एवढी वर्षं शिकवत हुते कुनाला?"

संकुलाच्या वतीने आलेले सुमंत ओसवाल सज्जन गृहस्थ होते. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा ताई, तुम्ही आहात की यात. रोज दोन तास मैदानावर गोल गोल फिरता. एकट्याच. आणि हे पुढचं बघा, दुसऱ्या वर्षापासून तुम्ही आमच्या पार्किंगमध्ये आहात, पगारावर. तुमचं समाधान अकरा अंकांनी वाढलंय."

जुबेदा पडद्यावरच्या त्या ठिपक्याकडे बघत राहिली. "मला न इचारता वाढलं व्हय?"

मग तिने खुर्ची ओढली आणि नीट समजावून सांगितले. हल्ली प्रत्येक घरात फोनवर कुटुंब-नकाशा असतो. कोण कुठे आहे ते सगळ्यांना दिसते. सून स्कूटर शिकतेय म्हटले की पहिला प्रश्न, तुला जायचेय कुठे? म्हणून तिच्याकडे येणाऱ्या बायका फोन घरी फळीवर ठेवून येतात. नकाशावर त्या घरातच असतात. प्रतिनगरातही.

"मग त्यांनी इथे येऊन शपथेवर नोंद द्यावी," ओसवाल म्हणाले. "नाव, वार, वेळ. पन्नास हरकती झाल्या की काम थांबतं. नोंद जाहीर होते, एवढंच."

"जाहीर म्हंजे घरात कळनार."

"तो नियमच आहे."

"त्रेसष्ट जनी हायत सध्या," जुबेदा म्हणाली. "झाल्या-गेलेल्या तर किती. एकीचं बी नाव माझ्या तोंडातनं निघनार न्हाई."

हे बोलताना तिने उल्काकडे पाहिले नाही. ती मुद्दाम पाहत नाही, हे उल्काला कळले आणि तिला स्वतःची लाज वाटली.

तीन वर्षांपूर्वी उल्काने याच बाईच्या हाताखाली स्कूटर शिकून घेतली होती. तिचा धाकटा दीर दुचाकीच्या अपघातात गेला, तेव्हापासून तिच्या नवऱ्याने, श्रीधरने, तिला स्वतः दुचाकी न चालवण्याची शपथ घातली होती. तो वाईट माणूस नव्हता. ती म्हणेल तिथे तो तिला नेऊन आणी, आणि तेच तिला नको झाले होते. ती फोन कचेरीतल्या खणात ठेवी, हालचाल नोंदवहीत 'स्थळपाहणी' लिही आणि रिक्षाने मैदान गाठी. पाय न टेकवता पहिला फेरा पूर्ण झाला त्या दुपारी तिला इतका आनंद झाला होता, की तेवढा तिला लग्नातही झाला नव्हता. आज सकाळीच तिने आपला प्रतिनागरिक उघडून पाहिला. पडद्यावरची ती उल्का पुढची दहा वर्षे नवऱ्याच्या मागे बसून फिरत होती. समाधान, शंभरात चौऱ्याण्णव.

उल्काने नोंदीचा तक्ता समोर ओढला. नाव लिहिले. वार मंगळवार आणि शुक्रवार, वेळ दोन ते चार, एकूण दिवस सव्वीस. खातेनिहाय चौकशी लागणार हे उघड होते. संध्याकाळपर्यंत श्रीधरलाही कळणार होते.

"भाभी, माझं नाव सांगायला मला कोणाची परवानगी लागत नाही," ती म्हणाली.

"राहू द्या की, मॅडम," जुबेदा हळूच म्हणाली. "नोकरी हाय तुमची."

उल्काने बोट टेकवले. प्रतिनगराने नोंद घेतली आणि तिचा प्रतिनागरिक पुन्हा चालवला. मैदानावर आता दोन ठिपके दिसले, एक पुढे, एक त्याच्यामागे धावणारा. हरकती: एक.

मग पडद्यावर आणखी ओळी उमटल्या. 'या नोंदीवरून नवी खूण सापडली. दुपारी फोन एका जागी, पण वीज-पाण्याच्या मीटरनुसार तिथला पंखा, दिवा, नळ बंद. व्यक्ती तिथे नसण्याची दाट शक्यता. अशा स्त्रिया: चारशे बारा. त्यांची नावे हरकतीत जोडू का?' खाली दोन चौकोन होते, होय आणि नाही.

"चारशे?" जुबेदा म्हणाली. "माझ्याकडं तर त्रेसष्टच हायत. बाकीच्या कुठं जात्यात मग?"

होय म्हटले तर मैदान वाचणार होते आणि चारशे घरांत संध्याकाळपर्यंत विचारणा सुरू होणार होती. नाही म्हटले तर मैदान जाणार होते. पण यंत्राला आता खूण कळली होती, ती विसरायला लावणारा चौकोन पडद्यावर कुठेच नव्हता. उल्काचे बोट 'नाही'च्या वर थांबले.

ओसवालांनी घसा साफ केला. इतका वेळ आकडे वाचणारा त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"मॅडम," त्यांनी विचारले, "त्या यादीत आमच्या घरचं कोणी आहे का?"