लेखकाशी माझा संबंध

एप्रिलची छाटणी चालू होती. तासगावच्या एका द्राक्षबागेत डॉक्टर स्वप्नाली बांधावर बसून बायांचे डोळे तपासत होती. तेवढ्यात एक उंच तरुण काखेत कागद घेऊन आला.

"मी डॉक्टर बिरदेव, कडेगावचा. 'डोळस'साठी एक लेख वाचून दाखवायचाय."

स्वप्नालीनं बॅटरी बंद करून कागदाकडे पाहिलं. लेख तिचाच होता! छाटलेली काडी डोळ्याला लागली की काय होतं, यावर तिनं दोन हंगाम खपून लिहिलेला. वरचं नाव मात्र कापलेलं होतं.

'डोळस'ची रीतच ती. सांगलीच्या सलिमा मॅडमनी हे नेत्रवैद्यकाचं नियतकालिक सुरू केलं ते एका पाठपोट कागदावर. गठ्ठे एसटीच्या टपावरून खेड्यापाड्यातल्या डॉक्टरांकडे जायचे. आता ते इंग्रजीतून निघतं, दूरदूरचे डॉक्टर त्यात लिहायला धडपडतात. पण मॅडमनी एक गोष्ट सोडली नाही – ज्यांच्या डोळ्यांबद्दल लिहिलंय, त्यांना ते मराठीतून वाचून दाखवायचं. त्यांनी आपल्या शब्दांत परत सांगितलं, तरच छापायचं.

बिरदेव वाचू लागला. "वनस्पतिजन्य आघातानंतर उद्भवणारा बुरशीजन्य…"

पुढंच बसलेल्या म्हाताऱ्या अंजनाबाईंची मान कलली. बारीक घोरणं ऐकू आलं.

"अहो, जरा जीव ओतून वाचा की! पुढं महत्त्वाचं आहे!" स्वप्नाली ओरडली… आणि तिनं जीभ चावली.

बिरदेवच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "पुढं काय आहे, ते तुम्हाला कसं ठाऊक?"

ती घाईनं पुढच्या बाईचा डोळा तपासू लागली.

"लेखकाचं नाव मला कळता कामा नये. नियम आहे."

"मी कुठं सांगितलं?"

"मग सांगूच नका. अंक निघेपर्यंत."

अंजनाबाई दचकून जाग्या झाल्या. "लय भारी हाय वं. पर काडी लागल्यावर करायचं काय, ते कवा सांगनार?"

बायांना आपल्या शब्दांत सांगता येईना, म्हणून लेख परत आला. स्वप्नालीनं तो पावसाळाभर पुन्हा लिहिला – सोपा, स्वच्छ. आणि बिरदेव? तो दर आठवड्याला बेदाणे घ्यायला तासगावला येऊ लागला. तिच्या दवाखान्याची पाटी आली की मान वळवायचा, नाव दिसू नये म्हणून.

"किती बेदाणे खाता हो?"

"घरात पोतं झालंय, बिननावाच्या बाई. आई विचारते, दुकान काढतोस का?"

लेखाबद्दल दोघं चकार शब्द बोलत नसत.

सप्टेंबरात सांगलीत 'डोळस'ची बैठक भरली. ऑक्टोबरच्या छाटणीआधी लेख छापून यायलाच हवा होता, नाहीतर आणखी कितीतरी डोळे जायचे. सुधारलेली प्रत देऊन स्वप्नाली बाहेर बाकावर बसली. खिडकी उघडी होती. वाचायला जाणाऱ्या प्रत्येकानं आधी मोठ्यानं म्हणायचं असतं, 'लेखकाशी माझा संबंध नाही.' एकेकानं म्हटलं. बिरदेवची पाळी आली.

म्हण ना, तिला वाटलं. एवढंच म्हण!

"मॅडम, मला म्हणता येत नाही."

"का? नाव कळलं?"

"नाव नाही ठाऊक. पण संबंध आहे… माझ्या बाजूनं तरी."

स्वप्नालीचे कान तापले. रागानं की कशानं, तिलाही कळेना.

"आता ऐनवेळी तुझ्याऐवजी कोण जाणार?" मॅडमचा आवाज आला. मग मऊ होऊन, "मीच जाते. पहिले गठ्ठे एसटीवर मीच चढवले होते, मला ती वाट नवी नाही. आणि तू बाहेर जा. दुसऱ्या बाजूलाही विचार."

तो समोर येऊन उभा राहिला.

"माझा लेख अडकला असता!"

"ठाऊक आहे. खोटं बोलून छापलेला चालला असता?"

ती बाकावरून उठली. मग मान वर करून म्हणाली, "नसता."

मॅडम तासगावला गेल्या, एसटीच्या पुढच्या सीटवर बसून. अंजनाबाईंनी न झोपता ऐकलं. "म्हंजी काडी लागली की चोळायचं न्हाई, पदर फिरवायचा न्हाई, त्याच दिशी दवाखाना गाठायचा. व्हय न्हवं?"

"व्हय!" मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला, जणू 'डोळस'चा पहिलाच अंक निघाला होता.

अंक छाटणीआधी आला. बांधावर उभं राहून बिरदेवनं पान उलटलं आणि पहिल्यांदा ते नाव हळूच उच्चारलं, "स्वप्नाली…"

"आता म्हणा ते वाक्य," ती म्हणाली.

"लेखकाशी माझा संबंध…"

"शेवटचा शब्द राहिला."

"म्हणू?"

तिनं अंक त्याच्या हातातून घेतला, छातीशी धरला. "राहू द्या."