चांगल्या कार्याला लावायचं अत्तर

शर्ट अण्णांचा होता. निळ्या चौकटींचा, लांब बाह्यांचा, कॉलर विटलेली. गौतमीने तो प्रयोगशाळेतल्या काचेच्या मेजावर पसरला, हातमोजे चढवले आणि काखेखालचा बोटभर तुकडा कात्रीने कापून घेतला. या तुकड्याला तिथे सगळे 'कळसा' म्हणत. काखेतच कळसा आहे तर गावाला वळसा कशाला, असा तो विनोद, आणि नवीन माणूस रुजू झालं की त्याला तो एकदा तरी ऐकावाच लागे.

'निजगंध' ही पुण्यातली संस्था अत्तरं विकायची, पण तिथे बाटल्यांनी भरलेली फडताळं नव्हती. गिऱ्हाइकाने यायचं, ज्याच्यासाठी अत्तर हवं त्याचा अंगावरून उतरवलेला, न धुतलेला कपडा द्यायचा आणि आठवड्याभराने बाटली न्यायची. एरवी अत्तर खरेदी म्हणजे काय हो? मनगटावर दहा वास फासून घ्यायचे, डोकं दुखायला लागलं की त्यातल्या त्यात महाग बाटली उचलायची, आणि ज्याला ती द्यावी त्याने "छान आहे हं" म्हणून कपाटात टाकायची. हा सगळा तमाशा निजगंधने मोडीत काढला होता. डॉ. गौतमी कुंजीर तिथली गंधरचनाकार, म्हणजे अत्तर बांधायचं काम तिचं. जगाच्या बापांना अत्तरं बांधून देता देता स्वतःच्या बापाची एकसष्ठी जवळ आली, तेव्हा कुठे तिला शर्ट आणायचं सुचलं.

"मागून आणलास की चोरून?" यास्मिनने विचारलं. डॉ. यास्मिन अत्तार गंधवाचन विभागाची प्रमुख होती. तिच्या घरात अत्तराचा धंदा पिढीजात, आजोबा उरुसाउरुसांतून पेटी घेऊन हिंडलेले. नाकाचं शिक्षण तिला घरातच मिळालं होतं.

"चोरून. दारामागच्या खुंटीवर होता. अण्णांना विचारलं असतं तर म्हणाले असते, अत्तर कशापायी, त्यापेक्षा फवारणीचा पंप घेऊन दे."

"आज तू गिऱ्हाईक आहेस. नियमाप्रमाणे मला सगळं तोंडाने सांगावं लागेल, आणि तुला ऐकून घ्यावं लागेल."

"सांगा, बाई."

"माणसाच्या अंगाला त्याचा स्वतःचा वास असतो. घामाचा नव्हे, घाम धुतला तरी मागे उरतो तो. रोगांशी लढायची जी घडण आपल्याला आईबापांकडून निम्मी निम्मी मिळते, तिच्यावर तो ठरतो. त्याला आपण गंधठसा म्हणतो. स्वतःसाठी अत्तर निवडताना माणूस नकळत आपलाच ठसा जरा मोठ्या आवाजात शोधत असतो. म्हणून एकाला जीव की प्राण असलेलं अत्तर दुसऱ्याच्या डोक्यात जातं."

"आणि म्हणूनच दुसऱ्यासाठी अत्तर निवडता येत नाही," गौतमीने पाठ केलेला धडा म्हटला. "आपण आपल्याच नाकाने निवडतो."

"निजगंध त्याच्या नाकाने निवडतं. ठसा वाचून त्याला उठाव देणारं अत्तर बांधतं. लावणाऱ्याला वाटतं, हे माझंच आहे. त्याच्या जवळच्यांना डोळे मिटूनही कळतं, हे माणूस खोलीत आलं. आता ठसा काय सांगत नाही ते ऐक. वय सांगत नाही. बाई की पुरुष, हेही पन्नाशी उलटली की धड सांगत नाही. आणि जे सांगतो, त्यातली एक गोष्ट आम्ही तुला सांगत नाही."

ती एक गोष्ट म्हणजे रोगरेघ. शरीरात मोठा आजार मूळ धरायला लागला की अंगाच्या वासात एक बारीक रेघ उमटते, आणि गंधवाचक यंत्राला ती दिसते. पण कपडा चोरूनही आणता येतो. नवऱ्याचा बायको आणेल, भागीदाराचा भागीदार आणेल. एकाच्या आजाराची बातमी दुसऱ्याच्या हाती पडू नये, म्हणून कायद्याने ही रेघ सांगायला बंदी होती. यंत्र ती वगळायचं आणि उरलेल्या निरोगी ठशावर अत्तर बांधलं जायचं. वाचन विभागातले लोक रेघा बघायचे आणि तोंड शिवून घरी जायचे.

दोन दिवसांनी यास्मिनने गौतमीला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मी नियम मोडतेय," यास्मिन म्हणाली. "तुझ्या जागी दुसरं कोणी असतं तर मोडला नसता. रेघ आहे, गौतमी. गाठीची, आणि वाईट जातीची. पोटात आहे एवढंच यंत्र सांगतं, कुठे ते सांगत नाही. पण अगदी बारीक आहे. आत्ता शोधली तर माणूस वाचेल."

गौतमी खुर्चीत बसली. मग तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. "ठसा अण्णांचाच आहे ना?"

"शर्टावर दोन ठसे आहेत. एक ठळक, एक पुसट. रेघ ठळकावर आहे."

"पुसट आईचा असेल. कपड्यांच्या घड्या तीच घालते. ठळक माझ्याशी ताडून बघ."

तिने ओढणीचं टोक कापून दिलं. तासाभरात निकाल आला. ठळक ठसा गौतमीशी निम्मा जुळत होता, बापाचा लेकीशी जुळावा तसा बरोबर निम्मा. पुसट ठसा इतका पुसट होता की ताडायलाही पुरला नाही. शर्ट बापाचा, ठसा निम्मा जुळलेला. दोघीही या विषयातल्या नावाजलेल्या, आणि दोघींनाही आणखी काही विचारायची गरज वाटली नाही.

त्याच दुपारी गौतमीने सासवडच्या पुढची गावाची वाट धरली. अंजिराचा हंगाम ऐन भरात होता. अण्णा ओट्यावर पाट्या भरत बसले होते. आई बागेतून आली. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चिकाने लाल पुरळ उठलं होतं.

"हे काय गं?"

"ह्या बारीला उघड्या हातानं तोडली ना फळं," आई म्हणाली. "जाईल खोबरेल लावल्यावर. तू अशी अवचित कशी आलीस? जेवलीस का?"

गौतमीने काही लपवलं नाही. अत्तराचं सांगितलं, अण्णांचा एक शर्ट नेल्याचं सांगितलं, रेघेचंही सांगितलं. कोणता शर्ट, ते कोणी विचारलं नाही. अण्णांनी ऐकून घेतलं आणि पाटीवर पानं पसरत राहिले.

"मला काय धाड भरलीय? शर्ट हुंगून आजार कळाया लागला तर डाक्टरांनी काय करायचं?"

"तुम्ही गप बसा," आई म्हणाली. "पोरगी सांगती तर जायचं. उद्याच जायचं."

मग तपासण्यांचा ससेमिरा सुरू झाला. अण्णांचं यकृत बघितलं, स्वादुपिंड बघितलं, आतडी आतून बघितली. एका रुग्णालयात काही सापडलं नाही म्हणून दुसऱ्यात गेले, दुसऱ्यात नाही म्हणून तिसऱ्यात. आई प्रत्येक वेळी बरोबर असायची. बाहेरच्या बाकावर मांडीत डबा धरून बसायची. शनिवार धरले, सोमवार धरले, नवस बोलली. एकदा बसल्या बसल्या ती गौतमीला म्हणाली, "माझंही पोट जरा फुगल्यागत होतंय बघ."

"उपास किती करतेस? वारा धरला असेल. दाखवूया का?"

"माझं काय मेलं. आधी ह्यांचं बघा."

आणि गौतमीने आधी त्यांचंच बघितलं. तिसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शेवटी हात जोडले. हा माणूस ठणठणीत आहे, म्हणाले, आता याला आणखी टोचून आजारी पाडू नका.

यास्मिनने शर्टाचा तुकडा पुन्हा तपासला आणि तिला कारण सापडलं, निदान तेव्हा तसं वाटलं. तुकडा अंजिराच्या चिकाने माखलेला होता. चिकातली काही द्रव्यं यंत्राला रोगरेघेसारखी दिसली असणार. "मी तुमच्या घराला उगाच घोर लावला," ती म्हणाली आणि रडली. गौतमीने तिला जवळ घेतलं. खरं सांगायचं तर तिला इतका आनंद झाला होता की कुणावर रागवायला मनात जागाच उरली नव्हती.

रेघ वगळून अत्तर बांधलं गेलं. गौतमीने ते स्वतः बांधलं, नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेऊन. वास मातीकडे झुकणारा निघाला, जरा तुरट, पाठीमागून येणारा गोडवा. नाकाजवळ धरल्यावर तिला एकदम लहानपण आठवलं, कुणाच्या तरी कुशीत झोप लागत असल्यासारखं वाटलं. बापाचाच ठसा आहे, आठवणारच, असं म्हणून तिने बाटली बंद केली.

एकसष्ठीला सगळा गोतावळा जमला. बायकांनी एकसष्ट दिव्यांनी अण्णांना ओवाळलं. गौतमीने बाटली त्यांच्या हातात दिली, तेव्हा ते तिच्याकडे बघून हसले.

"हिनंच मला तीन दवाखाने फिरवलं व्हय?"

"उघडा की," आई म्हणाली. "वास तर बघू कसा हाय तुमचा."

"आता नको. एवढ्या मोलाची वस्तू अशी रोजच्याला वापरायची नसती. चांगल्या कार्याला लावू."

"अण्णा, अत्तर ठेवायचं नसतं. लावायचं असतं."

"लावू की. तुझ्या धाकट्या भावाच्या लग्नात लावू," अण्णा म्हणाले आणि बाटली लोखंडी कपाटात, आईच्या पैठणीच्या घडीत ठेवून आले. आपल्याकडे चांगली वस्तू आली की तिला आधी कपाट दाखवतात, मग दिवस उजाडायची वाट बघतात. गौतमीने फार ताणलं नाही. कार्यक्रमाचा दिवस होता, पंगती बसायच्या होत्या.

पुढच्या हंगामात फळं उतरायच्या आधीच आई अंथरुणाला खिळली. पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं. गाठ अंडाशयात होती आणि तिथून सगळ्या पोटात पसरली होती. डॉक्टर म्हणाले, हा आजार मुका असतो, वर्षभरापूर्वी कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती. गौतमीच्या मनात शर्टाचा विचार आला नाही असं नाही. आला, आणि तिने तो झटकला. शर्ट अण्णांचा होता, तिनेच त्यांना काही वर्षांपूर्वी दिवाळीला घेतला होता, आणि रेघ तर चिकाची निघाली होती. शिवाय आईचं दुखणं इतकं झपाट्याने चाललं होतं की दुसऱ्या कशाचा विचार करायला उसंत नव्हती. पावसाळा सरायच्या आत ती गेली, आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर.

सकाळी अंगणात बायका तिला तयार करत होत्या. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं नेसवलं, हातभर चुडा भरला, मळवट भरला, ओटी भरली. आत्या आत डोकावून म्हणाली, "गौतमी, घरात अत्तर असंल तर आण बाई. पोरगी अत्तर बनवती आणि आईला शेवटाला अत्तर न्हाई, असं नको."

गौतमी उठायच्या आत अण्णा उठले. कपाट उघडून पैठणीच्या घडीतली बाटली त्यांनी काढली. "हीच लावू," म्हणाले. "चांगल्या कार्याला म्हणून ठेवली, पर आता तिच्याबिगर कसलं चांगलं कार्य." बूच घट्ट बसलं होतं. त्यांनी दातांनी ओढून ते काढलं.

आणि ते तसेच उभे राहिले. बाटली नाकाजवळ नेली, लांब केली, पुन्हा जवळ नेली. मग त्यांनी एकदम मागे वळून दाराकडे बघितलं, कुणी आत आल्यासारखं. दारात कोणी नव्हतं.

"हे माझं न्हाई," ते म्हणाले. "गौतमी, हे तुझ्या आईचं हाय."

"अण्णा, तुमच्या शर्टावरून केलंय मी. खुंटीवरचा, निळ्या चौकटीचा."

"तो तू नेलास व्हय? सबंध बागंत हुडकत होती ती." अण्णा खाटेवर बसले. "मी कवाच सोडला होता तो. अंजीर तोडताना लुगड्यावरनं तीच घालायची, चीक लागू नये म्हणून. दोन हंगाम तिच्याच अंगावर होता."

गौतमी भिंतीला टेकली. आईच्या हातांवरचं लाल पुरळ तिच्या डोळ्यांपुढे आलं. ठळक ठसा निम्मा जुळला होता. तो आईचाही निम्माच जुळणार, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळतं. तीन रुग्णालयांत ती अण्णांच्या पोटात गाठ शोधत हिंडली आणि गाठ बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसली होती. एकसष्ठीला ओवाळून झाल्यावर ही बाटली उघडली असती, तर या माणसाने एका श्वासात सांगितलं असतं.

अण्णांच्याही ध्यानात आलं. त्यांनी मान वर केली. "म्हंजी तवा त्या शर्टावर जो आजार तुम्हाला दिसला..." ते म्हणाले.

गौतमी त्यांच्या पायाशी बसली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तिला माफी मागायची होती, पण कुणाची मागायची तेच कळेना. बाटली तिच्या कानाजवळ होती. खोली आईच्या वासाने भरली होती, मागच्या वर्षीच्या हंगामातल्या धडधाकट आईच्या. आजाराची रेघ त्यात नव्हती, ती वगळूनच गौतमीने ते बांधलं होतं.

अण्णांनी बूच लावलं आणि अंगठ्याने जोर देऊन बसवलं. बाटली त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

"सापडलं का गं अत्तर?" आत्याने बाहेरून विचारलं.

"नाही," गौतमी म्हणाली. "गुलाबपाणी शिंपडा."