रिकाम्या खाटेची कूस

दुपारची पाळी सुरू झाली की आधी कुशी बदलायच्या, असा त्या वॉर्डचा शिरस्ता होता. लकवा मारलेल्या, हाडं मोडलेल्या आणि काहीच न होता नुसत्या म्हाताऱ्या झालेल्या बायकांचा तो वॉर्ड. ज्यांना आपणहून हलता येत नाही त्यांना दर दोन तासांनी दुसऱ्या कुशीवर करावं लागतं, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात आणि मूळ दुखणं परवडलं असं म्हणायची वेळ येते. प्रत्येकीच्या पाठीखाली एक आडवी चादर घातलेली असे. एका नर्सने या बाजूने धरायची, दुसरीने त्या बाजूने, आणि ‘तीन’ म्हटलं की ओढायची. मग एक उशी पाठीमागे, एक गुडघ्यांमध्ये. खाटेच्या पायथ्याशी पुठ्ठ्याची तबकडी टांगलेली असे, एकच काटा असलेली. डावी, पाठ, उजवी. काटा फिरवला की पुढची खाट.

शिकाऊ नर्सांमध्ये जी अंगाने सगळ्यात बारीक होती तिला सगळे बारकी म्हणत. बारकीला हे काम चांगलं जमायचं. पण काम जमणं आणि कामात जीव रमणं यांत फरक असतो, आणि तो फरक हल्ली तिला रात्री अंथरुणावर पडल्यावर सतावत असे. महिनाअखेरीला तिची उमेदवारी संपणार होती. तेव्हा मेट्रनबाईंच्या खोलीत जाऊन फक्त एका शब्दात सांगायचं होतं, हो की नाही. कारणं मेट्रनबाईंना नको असत.

घरी कुणाची जबरदस्ती नव्हती, आणि तीच पंचाईत होती. एका शाळेच्या कचेरीत काकांच्या ओळखीने जागा मिळत होती. तिथे बसून काम, संध्याकाळी घरी. आत्या जन्मभर नर्स होती. आता तिचे गुडघे गेले होते. बारकीने तिला विचारलं, “तुला कसं गं कळलं, हेच आपलं काम म्हणून?”

आत्याने गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडले होते. “मला कुठे काय कळलं? रोज जात राहिले झालं. एक दिवस बघते तर निवृत्त.”

“चेष्टा नको ना.”

“चेष्टा कसली? हे गुडघे बघ. हे काय चेष्टा करतायत?”

रक्ताची, घाणीची तिला कधीच शिसारी आली नव्हती. तिला शीण आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. तिच्या डोळ्यांदेखत कुणी बरं होत नव्हतं. काही बायका होत्या तशाच घरी जात, काही जातच नसत. शेवटच्या घटका मोजणाऱ्या एका म्हातारीची कूस बदलताना आपण घरी गेल्यावर कपडे भिजत घालायचे आहेत याचा विचार करत होतो, हे तिला नंतर आठवलं होतं. आपल्यात मायाच नसेल तर? तसं असेल तर शाळेची कचेरी बरी. कागदाला कुठे दुखतं?

खिडकीजवळच्या कोपऱ्यात एक खाट होती. ती कायम तयार असे, पण कुणाला दिली जात नसे. बारकी नवी असताना ती खाट ओलांडून पुढे निघाली, तेव्हा वॉर्डच्या मुख्य सिस्टर म्हणाल्या होत्या, “ही राहिली.”

सिस्टरांनी आडव्या चादरीचं एक टोक धरलं, “एक, दोन, तीन,” म्हटलं आणि चादर ओढली. ती रिकाम्या गादीवरून सरकली. सिस्टरांनी उशा लावल्या, काटा फिरवला. बारकीला हसू फुटलं. सिस्टर हसल्या नाहीत.

नव्या मुलींची फिरकी घ्यायची रीत सगळीकडेच असते, तशी ही असावी, असं बारकीने धरलं. पण फिरकीला बघे लागतात. इथे कुणी बघत नसे. मग तिला वाटलं, कधीकाळी कुणी तरी हुकूम सोडला असेल आणि मागे घ्यायचा राहून गेला असेल. मोठ्या ठिकाणी असं होतं. एकदा तिने वॉर्डातल्या मावशींना विचारलंही. मावशी फरशी पुसत होत्या. फडकं पिळत म्हणाल्या, “मी खालचं बघते बाई. वरचं तुमचं.”

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या, खुब्याचं हाड मोडलेल्या. त्यांची तक्रार वेगळीच. “माझ्या आधी तिला का घेता रोज? मी काय बिनफीची विद्यार्थिनी आहे?”

“बाई, तिथे कोण आहे?”

“मला काय विचारतेस? माझा चष्मा कुठे दिलाय तुम्ही?”

एके दिवशी चादर मध्येच अडली. जरा ओढ लागली, झोपलेलं तान्हं मूल वर असावं एवढीच. गादीला दमट हवा लागली असेल, असं तिने मनाशी म्हटलं. काही दिवसांनी चादर मध्यभागी कोमट लागली. उन्हाने, हे तिचं उत्तर तयार होतं. त्या खिडकीसमोर भिंत आहे आणि तिथे ऊन कधीच येत नाही, हे तिला घरी जेवताना आठवलं.

ओझं वाढत गेलं. पुढे पुढे दोघींना खरोखर जोर लावावा लागू लागला. सिस्टर त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. बारकीला भीती वाटायला हवी होती, पण तिला आला तो राग. आधीच कमरेचा काटा ढिला झालेला, त्यात हे एक फुकटचं ओझं.

मग सिस्टर दोन दिवस रजेवर गेल्या. बदलीवर आलेली नर्स दुसऱ्या वॉर्डची, तिला इथलं काही ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्या खाटा उरकून बारकी कोपऱ्यापर्यंत आली. पाठ ठणकत होती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि नुसता काटा फिरवला. कूस नाही बदलली. दोन तासांनी पुन्हा नुसता काटा. दुसऱ्या दिवशीही तेच.

“नुसते गुण मांडून पोरं शहाणी होत नाहीत, मुली,” मास्तरीणबाई छताकडे बघत म्हणाल्या.

सिस्टर रजेवरून आल्या त्या दुपारी दोघींनी कोपऱ्यातल्या खाटेवरचं पांघरूण काढलं. चादरीवर, माकडहाड टेकतं त्या जागी, बाटलीच्या बुचाएवढा डाग होता. मधे पिवळट, कडेला लालसर. ओला. तो वास बारकीने या वॉर्डात आल्यापासून ओळखायला शिकून घेतला होता.

सिस्टरांनी तबकडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“कधीपासून?”

थाप मारता आली असती. “तुम्ही गेल्यापासून.”

सिस्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “ड्रेसिंगचा ट्रे आण.”

“पण कशावर करू?”

“हाताला कळेल.”

त्यांनी चादर ओढून कूस बदलली आणि धरून उभ्या राहिल्या. बारकीने हातमोजे घातले, चिमट्यात ओला कापूस धरला आणि काहीच नसलेल्या जागी हळूहळू पुढे नेला. कापूस टेकला. तिने पुसलं. कापूस पिवळा होऊन परत आला. तिने दुसरा घेतला. जखमेची कड तिला बोटाने समजली. कडेपलीकडची कातडी पातळ होती, जुन्या कागदासारखी, आणि गरम. तिने औषध लावलं, वर जाळीचा कपडा ठेवला, चिकटपट्टी मारली.

हात काढून घेतल्यावर पट्टी तशीच राहिली. गादीपासून वीतभर वर.

श्वास घेतल्यासारखी किंचित हलत होती.

त्या दिवशी बारकी घरी गेली आणि न जेवता झोपली. दुसऱ्या दिवशी येऊच नये असं तिने ठरवलं होतं. पण पट्टी रोज बदलावी लागते, आणि जखम तिच्यामुळे झाली होती. ती आली. रोज येत राहिली. जखमेचा वास गेला, पिवळेपणा गेला, पुसलेला कापूस नुसता गुलाबी निघू लागला. कड आत सरकायला लागली. हे तिने पुस्तकात वाचलं होतं, पण बोटाखाली कधी अनुभवलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती घरातून निघाली तेव्हा आत्याने अडवलं.

“आज सुट्टी ना तुझी?”

“एक पेशंट आहे.”

“बरी होतेय का?”

“हो,” बारकी म्हणाली, आणि आपल्या तोंडून हा शब्द कधी गेलाच नव्हता असं तिला वाटलं. ती दमलेलीच होती, पण आता दमण्याचा राग येत नव्हता. मेट्रनबाईंना काय सांगायचं ते तिचं त्याच वाटेवर ठरून गेलं.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी पट्टी कोरडी निघाली. बोटाखाली नवी कातडी होती. पातळ, पण पुरती मिटलेली.

“सिस्टर, भरली जखम! बरी झाली ती!”

उशीचा अभ्रा घालता घालता सिस्टरांचे हात थांबले. “बरी?”

“बघा ना हात लावून.”

सिस्टरांनी हात लावला नाही. “ती बरी होत नसते गं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आम्ही फक्त कूस बदलायचो. आमच्या आधीच्यांनीही तेवढंच केलं. त्याहून जास्त कुणी काही केलं नाही.”

“का?”

त्यांनी चादरीचं टोक उचललं. “धर.”

एक, दोन, तीन.

चादर सर्रकन सरकली. दोघींचा तोल गेला. गादीवर काही नव्हतं. उशीत डोक्याचा खळगा होता, तो बघता बघता भरून आला.

“अंगात बळ नसताना उठू नये,” शेजारून मास्तरीणबाई म्हणाल्या. “सांगा कुणीतरी तिला.”

सिस्टरांनी बारकीकडे पाहिलं. मग त्यांनी नजर खाली घातली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

बारकी मेट्रनबाईंच्या खोलीकडे निघाली. लांबच लांब व्हरांडा. थोडं चालल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण फार हळू चालतो आहोत. बऱ्याच दिवसांनी उठलेल्या रोग्याला चालवताना पावलं आखूड टाकतात, तशी.

तिच्या उजव्या दंडाला कुणीतरी धरलं होतं.

ओझं फारसं नव्हतं. ऊब होती.

समोरून ढकलगाडी आणणाऱ्या माणसाने गाडी बाजूला घेतली. एकटीसाठी लागते त्याहून जास्त.

आता तिला नाही म्हणायचं होतं. शाळेची कचेरी, टेबल, खुर्ची, संध्याकाळी घर. एक शब्द म्हटला की सुटलो. दारापर्यंत ती तो शब्द घोकत गेली.

मेट्रनबाई लिहीत होत्या. “ये. हो की नाही?”

बारकीने तोंड उघडलं.

मेट्रनबाईंनी मान वर केली. त्यांची नजर बारकीवर आली, तिथून जराशी उजवीकडे गेली आणि तिथेच राहिली. मग त्यांनी वाकून टेबलाशेजारची वेताची खुर्ची पुढे ओढली.

“आधी त्यांना टेकू दे. किती धाप लागलीय बघ.”

वेत करकरलं. बैठक हळूच खाली दबली.

“तू नाही म्हणालीस,” मेट्रनबाई तितक्याच शांतपणे म्हणाल्या, “तर मग यांचं कोण करणार?”

घोकलेला शब्द काही केल्या तोंडातून फुटेना. “हो,” बारकी म्हणाली.

मेट्रनबाईंनी मान डोलावली आणि पुन्हा लिहायला घेतलं.

दंडावरची बोटं सुटली. सावकाश खाली उतरत मनगटापाशी आली. नेमकी नाडीवर थांबली, आणि सवयीच्या हाताने ठोके मोजू लागली.