मास्तरांच्या गाडीतली गळती

"तुमच्या भावाला आम्ही चौकीत बसवून ठेवलंय. मास्तर अजून शुद्धीवर नाहीत. तपासणीची सगळी यंत्रं घेऊन त्यांच्या घरी या. लगेच."

फौजदारबाईंनी फोन ठेवला. ताईने नुकताच धुतलेला पांढरा कुडता अंगात घातला होता. त्याची बटणं लावत लावतच तिने यंत्रं गोळा केली.

गाड्यांच्या एसीचं छोटंसं गॅरेज ती आणि तिचा धाकटा भाऊ मिळून चालवत. दारातून वाकून आत यावं लागेल एवढा तो आडदांड, म्हणून सगळी गल्ली त्याला छोटू म्हणे. परवा दोघांनी गाण्याच्या मास्तरांची जुनी गाडी दुरुस्त करून दिली होती. काल दुपारी मास्तर त्याच गाडीत, एसी चालू असताना, बेशुद्ध सापडले. डॉक्टर म्हणाले, गुदमरलेत. एसीतला गॅस तर पार गेलेला होता, तोच गाडीत कोंडला असं ठरलं. मग काय, सगळ्यांची बोटं छोटूकडे वळली.

तो निर्दोष आहे, असं ताईला छातीठोकपणे म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण परवा छोटू जांभया देत होता. तान्ह्या लेकीला ताप होता, रात्रभर तो तिला खांद्यावर घेऊन फिरला होता. पाइपच्या जोडावर नवी रबरी रिंग त्यानेच बसवली. गिऱ्हाईक घाईत होतं, म्हणून ताईने ती पुन्हा पाहिली नाही. रिंग नीट बसली नसली तर? या एका विचाराने काल रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

मास्तरांच्या घराला लागून एक लांबट, अरुंद शेड होती. तीन बाजूंना भिंती, पुढे शटर. आत गाडी तशीच उभी होती. मास्तरांचा मुलगा ताईला पाहताच अंगावर धावून आला.

"हिच्याच भावाने माझ्या बापाचा जीव घेतला असता! आता कशाला आलीस इथे?"

"अहो, असं काय बोलता?" सूनबाई मध्ये पडली. तिने ताईचे दोन्ही हात आपल्या हातात घट्ट धरले. "घाबरू नका हो ताई. मुद्दाम कोण करतं का? हातून चूक होते एखाद वेळी."

ताईला भडभडून आलं. कालपासून तिच्याशी कोणी माणसासारखं बोललंच नव्हतं. सूनबाईच्या बोटाला पट्टी बांधलेली दिसली, तेव्हा तिनेच उलट विचारलं, "हे काय झालं?"

"इस्त्रीचा चटका बसला. लक्ष थाऱ्यावर आहे का कोणाचं?"

फौजदारबाईंनी नवराबायकोला घरात पाठवलं. बाई कमी बोलणाऱ्या होत्या आणि त्यांची नजर समोरच्यावरून हलत नसे. ताईला त्या नजरेचीही धास्ती वाटली.

"परवा काय केलंत, सगळं सांगा."

"गाडी थंड करत नव्हती. जुनी रिंग बारीक गळत होती, ती बदलली. मग तेलात डाय घातला आणि गॅस भरला."

"डाय म्हणजे?"

"रंग. पुन्हा कुठे गळालं तर निळ्या दिव्याखाली हिरवा चमकतो. एरवी नुसतं तेलच दिसतं."

"गाडी कोणी आणली होती?"

"सूनबाईंनी. सकाळी गाडी सोडून गेल्या. शेवटी गॅस भरायच्या वेळी परत आल्या, स्टुलावर बसून राहिल्या. छोटूला कोणी काही विचारलं की त्याची शिकवणीच सुरू होते. गॅस कुठून भरतात, गेला तर काय होतं, सगळं सांगत बसला. तसं सगळीच गिऱ्हाइकं विचारतात, मॅडम."

"मास्तर रोज दुपारी या गाडीत बसायचे म्हणे?"

"हो. त्यांच्या बायकोच्या गाण्याच्या कॅसेट आहेत ना त्यांच्याकडे. घरातला टेप कधीच बंद पडला, गाडीतला चालतो. जेवण झालं की इंजिन आणि एसी सुरू करून ऐकत बसायचे. बाहेरची हवा आत घेणारी कळ मात्र कायम उघडी. छोटू त्यांच्यावर ओरडायचा, गाडी लवकर थंड होत नाही म्हणून. पण बंद हवेत त्यांचं डोकं चढतं."

"शटर लावून बसायचे?"

"छे! शटर सताड उघडं."

"समोरचा इस्त्रीवाला म्हणतो, काल दुपारी शटर वाजलं. त्याने वर पाहिलं नाही." बाईंनी मोबाइल पुढे केला. "हे आम्ही काल काढलेले फोटो. तुम्हाला काही दिसतंय का?"

गाडी. उघडं दार. मास्तरांचा चष्मा. आणि गाडीखाली, पुढच्या डाव्या चाकाच्या मागे, शेडच्या भिंतीपर्यंत ओघळ गेलेलं पाण्याचं तळं. ताई त्या फोटोकडे बघतच राहिली.

"हे पाणी कोणी सांडलं?"

"कोणीच नाही म्हणतात. का?"

ताईने लांब हातमोजे चढवले. "आधी गळती तपासते मॅडम. मग बोलते."

नवराबायको परत आली. ताईने बॉनेट उघडून दाब मोजणारे गेज जोडले. दोन्ही काटे शून्यावर. गॅस खरोखरच गेलेला.

"बघा!" मुलगा ओरडला. "अजून काय पुरावा पाहिजे?"

ताईने सिलिंडरमधून पाइपांत नायट्रोजन भरला. काटा चढला. तिने नळी बंद केली, सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावला आणि ती गेजसमोर उकिडवी बसली.

"आता काय?" बाईंनी विचारलं.

"आता वाट बघायची. कुठे गळत असेल तर काटा खाली येईल."

काटा खाली आला तर छोटू आत जाणार, आणि ते त्याच्याच चुकीने. ताई डोळे फाडून बघत होती. एकदा काटा थरथरल्यासारखा वाटला. पण तिचाच गुडघा गेजला लागला होता. सूनबाईने चहा आणला. तो तिथेच गार झाला.

काटा हलला नाही. नव्या रिंगवरच्या फेसाला एक बुडबुडा आला नाही.

"गळती नाहीये," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"मग गॅस गेला कुठे?"

ताईने गॅस भरायच्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं. "छोटूची एक खोड आहे. काम संपलं की झाकण आणि पाइप यांवरून बायकोच्या नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढतो. मी हसते त्याला. परवा ही रेघ सलग होती. मघाशी मी झाकण काढायच्या आधीच झाकणावरचा तुकडा एकीकडे आणि पाइपवरचा दुसरीकडे होता. कोणीतरी झाकण काढून परत लावलंय. मॅडम, निळा दिवा लावून बघायला हवं. अंधार लागेल. शटर खाली घ्या."

"शटर नको हो," सूनबाई चटकन म्हणाली. "आत जीव घाबरतो माझा."

"मी आहे ना," फौजदारबाई म्हणाल्या आणि त्यांनी शटर खडखडत खाली ओढलं.

मिट्ट काळोख झाला. काल मास्तर इथेच निपचित पडले होते, हे आठवून ताईच्या अंगावर काटा आला. तिने दिवा लावला. रिंगचा जोड काळाच राहिला, स्वच्छ. व्हॉल्व्हभोवती मात्र हिरवे शिंतोडे चमकले. बॉनेटच्या कडेवर बोटांचा हिरवा फराटा दिसला.

दिवा फिरवताना उजेड तिच्या स्वतःच्या हातावर पडला. पांढऱ्या बाहीच्या टोकाशी एक हिरवा डाग चमकत होता.

ताई जागच्या जागी थिजली. कुडता धुतलेला. गॅरेज आज उघडलेलंच नाही. व्हॉल्व्हला तिने हातमोजे घालून गेज लावले, आणि ते मोजे बाहीच्या वरपर्यंत येणारे होते. मग हा डाग लागला कुठून? आज या मनगटाला हात लावला होता फक्त एका माणसाने.

तिच्या अगदी कानाशी कोणीतरी श्वास घेत होतं.

तिला ओरडावंसं वाटलं. चूक निघाली तर हा मुलगा आपल्याला जिवंत सोडणार नाही, असंही वाटलं. पण गप्प बसलं तर छोटू सुटत नव्हता.

"मॅडम," ती कशीबशी म्हणाली, "तुम्ही शटरपाशीच थांबा. कोणाला बाहेर जाऊ देऊ नका."

आणि तिने दिवा शेजारी वळवला. सूनबाईच्या घड्याळाचा कापडी पट्टा हिरवागार पेटला. नखांच्या कडाही.

सूनबाईने झटकन हात मागे लपवला. "ते... परवा गॅरेजमध्ये लागलं असेल."

"परवा तुम्ही आलात तेव्हा डाय पाइपांत जाऊन बसला होता. स्टुलावरून तुम्ही उठलाही नाहीत. बोटाला चटकासुद्धा इस्त्रीचा नाही. व्हॉल्व्हची पिन दाबली की गॅस असा सुटतो की गारठ्याने कातडी भाजते. आम्हाला दोघांना झालंय ते."

फौजदारबाईंनी शटर वर केलं. उजेडात सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक दिसत होते.

"पण मग बाबा गॅसनेच गुदमरले ना?" मुलाने विचारलं. आता तो ओरडत नव्हता.

"नाही," ताई म्हणाली. "गाडीखालचं पाणी आठवा. एसी हवा गार करतो तेव्हाच खाली पाणी टपकतं. एवढं तळं साचलं म्हणजे बराच वेळ एसी उत्तम चालला होता. गॅस आधीच गेला असता तर कंप्रेसर बंद पडला असता आणि फरशी कोरडी राहिली असती. मास्तर बेशुद्ध झाले तोवर गॅस पाइपांतच होता. तो नंतर काढला, आमच्यावर ढकलायला."

"मग कशाने?"

"शटरने," फौजदारबाई म्हणाल्या. "मघाशी मी खाली ओढलं, तोच आवाज इस्त्रीवाल्याने ऐकला. मास्तरांना डुलकी लागली तेव्हा ते कोणीतरी बाहेरून लावलं. इंजिन चालू. शेडमध्ये धूर कोंडला. नंतर शटर पुन्हा उघडून ठेवलं."

"आणि बाहेरची हवा आत घेणारी कळ उघडी," ताईने वाक्य पुरं केलं. "एसीने तोच धूर आत ओढला आणि गार करून त्यांच्या तोंडावर सोडला. जुन्या गाडीचा धूर तो."

बाईंनी तिथूनच दवाखान्यात फोन लावला आणि डॉक्टरांना सांगितलं की एसीचा गॅस विसरा, गाडीच्या धुराने झालंय. मग त्या सूनबाईकडे वळल्या.

"का केलंत?"

सूनबाई नवऱ्याकडे बघत म्हणाली, "बाबा घर गाण्याच्या शाळेला देणार होते ना! तुम्ही दुसरीकडे बिऱ्हाड बघा म्हणाले. तुम्ही मान डोलावलीत. इतकी वर्षं त्यांचं दुखलंखुपलं मी पाहिलं, उष्टी मी काढली. मला कोणी विचारलं? एका शब्दाने विचारलं?"

मुलगा गाडीच्या बॉनेटला धरून खाली बसला. त्याच्याकडे बघवत नव्हतं. जिच्या दोन गोड शब्दांनी सकाळी आपल्याला रडू आलं, तिनेच हे केलं, या विचाराने ताईला तिची कीवही आली आणि किळसही आली. ती नळावर जाऊन मनगट चोळचोळून धूत राहिली.

उन्हं कलताना ती चौकीत पोचली. छोटू बाकावर अंग चोरून बसला होता. एवढा मोठा माणूस, पण त्याला बाकाचा कोपराच पुरला होता. ताईला पाहून तो उठला नाही.

"मास्तर?" त्याने विचारलं.

"डोळे उघडले. टेप बंद का केला, म्हणाले."

छोटूने मान हलवली. कोणी केलं, का केलं, आपण सुटलो की नाही, यातलं काहीच त्याने विचारलं नाही. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"ताई, मला झोप येत होती गं त्या दिवशी," तो म्हणाला. "काटा?"

"हलला नाही," ताई म्हणाली. "अजिबात हलला नाही."

तेव्हा कुठे छोटूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. ताई त्याच्या शेजारी बसून राहिली.